नेत्याची मुलाखत एकच, मग प्रतिक्रिया दोन टोकांच्या का?

देशातल्या मोठ्या नेत्याची मुलाखत टीव्हीवर लागते आणि ती संपायच्या आत मोबाइलवर निकाल येऊन पडतात. एका ग्रुपवर ‘काय गप्प केलं त्या अँकरला!’, दुसऱ्या ग्रुपवर ‘एका प्रश्नाचं सरळ उत्तर देता आलं नाही’. लिहिणारी माणसं दोन्हीकडची शहाणीसुरती, आपल्या कामात चोख. पाहिलेली मुलाखतही एकच. तरी वाचणाऱ्याला वाटावं की दोन वेगळ्या मुलाखतींबद्दल बोलणं चाललंय.

याचं नवल वाटून सोडून देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे सर्वोच्च पदाच्या आसपासच्या माणसाला समोरासमोर बसवून प्रश्न विचारण्याचे प्रसंग मुळात थोडे. ते थोडेही प्रसंग आपण ‘आपला जिंकला’ आणि ‘त्यांचा हरला’ यात घालवले, तर नुकसान मतदाराचं होतं. म्हणून या लेखात कोणता नेता चांगला बोलतो ते सांगितलेलं नाही. आपली प्रतिक्रिया कशी तयार होते, एवढंच पाहायचं आहे. त्यावर अनेक दशकं गंभीर संशोधन झालेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या घरातल्या चर्चेला जसंच्या तसं लागू पडतं.

## आपण नेमकं काय पाहिलेलं असतं?

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. मुलाखत तासाभराची असते, आणि तिच्यावर मत देणाऱ्या बहुतेकांनी तिचे तुकडे पाहिलेले असतात. तुकडा म्हणजे क्लिप. ती कुणीतरी निवडलेली असते, कापलेली असते, आणि तिच्यावर काय वाटून घ्यायचं ते ओळीत लिहिलेलं असतं.

२७ जानेवारी २०१४ ची गोष्ट घ्या. तेव्हा काँग्रेसचे उपाध्यक्ष असलेल्या राहुल गांधींची अर्णब गोस्वामींनी घेतलेली मुलाखत ‘टाइम्स नाऊ’वर प्रसारित झाली. खासदार होऊन दहा वर्षं होत आली असताना त्यांनी दिलेली ही पहिलीच मोठी, औपचारिक टीव्ही मुलाखत, त्यामुळे उत्सुकता प्रचंड. लोकांच्या लक्षात काय राहिलं? ‘महिला सक्षमीकरण’, ‘माहिती अधिकार’ आणि ‘व्यवस्था’ हे पुन्हा पुन्हा आलेले शब्द. त्यावरचे विनोद आणि मीम आजही फिरतात. पण त्याच मुलाखतीत १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराचा प्रश्न आला होता, आणि काही काँग्रेसजन त्यात बहुधा सामील असावेत असं ते म्हणाले होते. त्याच आठवड्यात शीख संघटनांनी दिल्लीत काँग्रेस कार्यालयाबाहेर निदर्शनं केली. दिल्लीतल्या तेव्हाच्या केजरीवाल सरकारनेही विशेष तपास पथकाची मागणी पुढे नेली.

देशाच्या दृष्टीने त्या तासाभरात घडलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच होती, असं माझं मत आहे. मीमच्या गर्दीत ती मागे पडली.

## डोळे तेच, दिसतं वेगळं

समजा, दोघांनीही पूर्ण मुलाखत पाहिली. तरी मतं जुळतील का? नाही, आणि याचं कारण राजकारणाच्याही आधीचं आहे.

१९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन शिक्षणसंस्थांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. खेळ धसमुसळा, प्रिन्स्टनच्या मुख्य खेळाडूचं नाक मोडलं. पुढे हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनवाल्यांना दिसले. फिल्म एकच होती.

क्रिकेटमध्ये पायचीतचं अपील होतं तेव्हा आपण सगळे हेच करतो. चेंडू पॅडवर लागताक्षणी गोलंदाजाच्या बाजूला तो सरळ यष्ट्यांत जाताना ‘दिसतो’ आणि फलंदाजाच्या बाजूला तो लेगला बाहेर जाताना. यात कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही. मन आधी बाजू घेतं आणि मग डोळ्यांना कामाला लावतं. हे इतक्या चटकन होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही.

मुलाखतीत तर याला भरपूर वाव असतो. नेता प्रश्नानंतर तीन सेकंद थांबला. समर्थकाला तो विचारी वाटतो, विरोधकाला अडकलेला. पाणी प्यायला, हसला, आवाज चढवला, प्रत्येक गोष्टीचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही अर्थ अगदी प्रामाणिकपणे निघतात.

## ‘पण वाहिनीच विकली गेलेली असते, त्याचं काय?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो खोटा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. मालकी, जाहिराती, सरकारशी असलेले संबंध, या सगळ्यांचा वाहिन्यांवर परिणाम होतो. पण ‘मला पक्षपात जाणवला’ म्हणजे ‘पक्षपात होता’ हे मात्र सिद्ध होत नाही.

१९८२ मध्ये लेबनॉनच्या बैरुतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झालं, आणि इस्राएलवर त्याची कितपत जबाबदारी यावरून वाद पेटला. त्या काळातल्या अमेरिकी टीव्ही बातम्यांचे तुकडे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन गटांतल्या विद्यार्थ्यांना दाखवले. एक गट इस्राएलच्या बाजूचा, दुसरा अरबांच्या. इस्राएलवाल्या गटाला त्या बातम्या इस्राएलविरोधी वाटल्या. अरबवाल्यांना त्याच बातम्या इस्राएलधार्जिण्या वाटल्या. शिवाय दोघांनाही काळजी एकच: कोणत्याही बाजूचा नसलेला माणूस हे पाहील आणि आमच्याविरुद्ध जाईल. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवून दिलं की विषय जितका जिव्हाळ्याचा, तितकी माध्यमं शत्रूची वाटू लागतात.

तेव्हा पक्षपात तपासायचा तर स्वतःच्या रागावर विसंबून चालत नाही. तपासण्यासारख्या गोष्टी बाहेर असतात. त्या आठवड्यातला सर्वांत अडचणीचा प्रश्न विचारला गेला का? उत्तर अपुरं राहिल्यावर पाठोपाठ दुसरा प्रश्न आला का, की अँकर पुढच्या विषयावर गेला? आकडा चुकीचा सांगितला तेव्हा तिथल्या तिथे कुणी टोकलं का? याच अँकरने विरोधी बाजूच्या नेत्याला किती वेळा टोकलं होतं? ही उत्तरं मिळवायला थोडे कष्ट पडतात, पण ती मिळाली की भांडणाचं रूपांतर चर्चेत होतं.

टोकण्यावरून आणखी एक सांगायला हवं. ‘अँकर बोलूच देत नाही’ ही तक्रार नेहमीची. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मुलाखतींत फार वेळा मध्येच तोडलं जातं, असं ब्रिटनमध्ये लोकांच्या लक्षात आलं होतं. बीटी, कटलर आणि पिअर्सन या संशोधकांनी त्यांच्या बोलण्याचे तुकडे तपासून १९८२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत निष्कर्ष मांडला. थॅचर यांचा स्वर वाक्याच्या मधेच असा खाली उतरायचा की समोरच्याला वाटे, यांचं बोलणं संपलं. तो बोलायला लागे आणि पाहणाऱ्यांना तो उद्धट दिसे. प्रत्येक वेळी असंच असतं असं नाही, पण उद्धटपणाचा शिक्का मारण्याआधी हे लक्षात असलेलं बरं.

## एका रात्रीत मत कसं फिरतं

आता या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत चिंतेचा भाग.

६ ऑक्टोबर १९७६. अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जिमी कार्टर टीव्हीवर पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. फोर्ड म्हणून गेले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकियाचा तो काळ पाहता हे विधान उघडच चुकीचं होतं. प्रश्नकर्त्याने चकित होऊन पुन्हा विचारलं, तरी फोर्ड मागे हटले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर लगेच, त्याच रात्री प्रेक्षकांना फोन करून विचारलं गेलं, तेव्हा कार्टर यांना मोठी आघाडी दिसली नव्हती. ती चूक फारशी कुणाच्या मनावर ठसली नव्हती. मग वर्तमानपत्रांनी आणि बातम्यांनी तीच चूक दिवसभर दाखवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोकांना विचारलं, तर कार्टर मोठ्या फरकाने जिंकले होते.

चूक खरी होती, ती दाखवणं पत्रकारांचं कामच होतं. मुद्दा असा की ज्यांनी स्वतः पाहिलं त्यांचंही मत दुसऱ्यांची मतं ऐकून बदललं, आणि ‘मला तर तेव्हाच जाणवलं होतं’ असंच त्यांना वाटत राहिलं असणार.

आज यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या निवडणुकीत नेत्यांच्या टीव्हीवरच्या वादसभेच्या वेळी संशोधकांनी एक प्रयोग केला. अशा कार्यक्रमांत पडद्याच्या तळाशी एक रेघ सरकत असते. कुंपणावरच्या काही मतदारांना बोलणं आवडतंय की नाही ते ती वर-खाली होऊन दाखवते. संशोधकांनी दीडशे जणांचे दोन गट केले आणि गुपचूप खोटी रेघ दाखवली. एका गटासाठी ती तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या बाजूने झुकवलेली, दुसऱ्यासाठी लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग यांच्या. ज्याच्या बाजूने रेघ झुकवली, तोच जिंकला असं त्या त्या गटातल्या अधिक लोकांना वाटलं. पंतप्रधान म्हणून कोण आवडेल, या उत्तरावरही परिणाम दिसला.

आपल्याकडे ती रेघ नाही. पण मुलाखत चालू असतानाच खाली सरकणाऱ्या ओळी असतात, पडद्याच्या बाजूला हॅशटॅग असतो, हातात ग्रुप असतो. कोणता शब्द ट्रेंड करायचा हे पक्षांच्या समाजमाध्यम पथकांनी कार्यक्रमाआधीच ठरवलेलं असू शकतं. आपण मुलाखत पाहत असतो, आणि त्याच वेळी लोकांना ती कशी वाटते आहे हेही पाहत असतो. दुसरी गोष्ट पहिलीवर रंग चढवते.

## ‘उत्तरं टाळतात, म्हणजे खोटंच असणार’

नेत्याने प्रश्न टाळला की चिडणं योग्यच आहे. पण टाळण्याचे प्रकार वेगळे असतात आणि ते ओळखता आले पाहिजेत.

जॅनेट बव्हेलस या कॅनडातल्या संशोधिकेने दाखवलं की माणूस मोघम बोलतो तो बहुतेक वेळा इकडे आड तिकडे विहीर असते म्हणून. आघाडी सरकारमधल्या नेत्याला विचारलं, ‘तुमच्या मित्रपक्षाचा हा निर्णय चुकला का?’ हो म्हटलं तर आघाडी दुखावते, नाही म्हटलं तर स्वतःचे मतदार. अशा प्रश्नावर त्याने गोल बोलणं म्हणजे काही लपवणं नव्हे. याउलट ‘अमुक आदेशावर तुम्ही सही केली होती का?’ हा प्रश्न हो-नाहीचा असतो. तो टाळला, तर टाळण्यातच उत्तर असतं. १९९७ मध्ये ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना जेरेमी पॅक्समन यांनी बीबीसीवर असाच एक प्रश्न डझनभर वेळा विचारला: तुरुंगप्रमुखांचा निर्णय फिरवण्याची धमकी तुम्ही दिली होती का? सरळ उत्तर शेवटपर्यंत आलं नाही, आणि ब्रिटनमध्ये ती मुलाखत अजून विसरलेली नाही.

उत्तर टाळणं हा एका पक्षाचा गुण नाही हेही लक्षात घ्यावं. १९८७ च्या ब्रिटिश निवडणुकीतल्या मुलाखती पीटर बुल आणि केट मेयर यांनी प्रश्नागणिक तपासल्या. थॅचर आणि त्यांचे विरोधक नील किनॉक, दोघांनीही निम्म्याहून कमी प्रश्नांना थेट उत्तरं दिली होती.

## ट्रेंड झालं म्हणजे जनतेने कौल दिला का?

नाही. हे आकड्यांतच पाहू.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते. एखाद्या मुलाखतीवर एक लाख पोस्ट पडल्या आणि प्रत्येक पोस्ट वेगळ्या, खऱ्याखुऱ्या माणसाची धरली, तरी ते प्रमाण दर दहा हजार मतदारांमागे जेमतेम एक एवढंच भरतं. प्रत्यक्षात एकच माणूस पन्नास पोस्ट टाकतो, काही खाती माणसांची नसतातच, आणि जो शांतपणे पाहून झोपायला गेला त्याची नोंद कुठेच होत नाही.

‘पण आमच्या वाहिनीच्या पोलमध्ये लाखोंनी मत दिलं!’ संख्येने भुलू नये. १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते मोटारमालकांच्या आणि टेलिफोनधारकांच्या याद्यांतून, शिवाय उत्तर पाठवायची तसदी ठरावीक लोकांनीच घेतली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी, पण नीट निवडलेल्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. पाहणीसाठी निवडलेल्या अशा लोकांच्या गटाला नमुना म्हणतात. नमुना सगळ्या समाजासारखा नसेल तर तो कितीही मोठा असून उपयोग नाही. फोनवर आपण होऊन बटण दाबणारे लोक समाजाचा नमुना कधीच नसतात.

टीआरपीही मदतीला येत नाही. किती घरांत पाहिलं ते त्यावरून कळतं, पटलं की नाही ते कळत नाही.

## मुलाखत बिघडली की निवडणूक जाते का?

ऑक्टोबर २००७ मध्ये करण थापर यांनी गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना २००२ च्या दंगलींविषयी विचारलं, आणि मोदी काही मिनिटांतच मुलाखत अर्धवट सोडून उठले. ते दृश्य अनेक वर्षं फिरत राहिलं. डिसेंबरमध्ये गुजरातची निवडणूक झाली आणि भाजपने १८२ पैकी ११७ जागा जिंकल्या. २०१४ मध्ये राहुल गांधींच्या मुलाखतीनंतर काही महिन्यांनी काँग्रेस ४४ जागांवर आली. मे २०१९ मध्ये एका मुलाखतीत बालाकोटच्या कारवाईबद्दल बोलताना पंतप्रधान मोदी म्हणाले की ढगांमुळे रडारपासून बचाव होऊ शकेल असं त्यांना वाटलं होतं. दोन दिवस त्यावर टीका झाली. भाजप ३०३ जागांनी निवडून आला.

या तीन घटना शेजारी ठेवल्या की ‘मुलाखतीने निवडणूक घालवली’ हे वाक्य उच्चारणं अवघड होतं. २०१४ मध्ये महागाई होती, घोटाळ्यांचे आरोप होते, दहा वर्षांच्या सत्तेचा कंटाळा होता. त्यातून एका मुलाखतीचा वाटा वेगळा काढून दाखवणं कुणालाच शक्य नाही. बहुतेक लोकांचं मत आधी ठरलेलं असतं. मुलाखत त्याला बोलायला शब्द पुरवते.

## ‘परिणाम नाही, तर निवडणूक आयोग कशाला अडवतो?’

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १२६ सांगतं की मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास त्या मतदारसंघात टीव्हीवर निवडणुकीवर प्रभाव टाकणारा मजकूर दाखवायचा नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मतदाराला दोन दिवस शांतपणे विचार करता यावा, हा हेतू. डिसेंबर २०१७ मध्ये गुजरातच्या दुसऱ्या टप्प्याच्या आदल्या दिवशी राहुल गांधींच्या मुलाखती स्थानिक वाहिन्यांवर आल्या, तेव्हा आयोगाने त्यांना नोटीस काढली. काही दिवसांतच ती मागेही घेतली, आणि बदललेल्या माध्यमांच्या काळात हे कलम कसं लागू करायचं ते तपासायला समिती नेमली.

अडचण खरी आहे. २०२४ ला लोकसभेचं मतदान १९ एप्रिल ते १ जून असं ७ टप्प्यांत झालं, एकट्या महाराष्ट्रात ५ टप्पे. १८ एप्रिलला नागपुरात प्रचार थांबलेला आणि मुंबईत महिनाभर चालणार होता. मुंबईच्या मतदारासाठी दिलेली मुलाखत नागपूरच्या घरात दिसू द्यायची नाही, हे कोणत्या यंत्रणेला जमणार? थोडे मतदार शेवटच्या दोन दिवसांत ठरवतात, आणि अटीतटीच्या जागेवर ते थोडेच पुरेसे असतात, म्हणून कलमाचा हेतू मला रास्त वाटतो. पण मोबाइलच्या काळात ते राबवता येत नाही, हे आता उघड मान्य करायला हवं.

## मग पाहताना काय धरून ठेवावं?

नेता कसा दिसला यावर वाद संपत नाही. काय म्हणाला यातला काही भाग मात्र तपासता येतो. ढगांचं विधान तसं होतं: रडार रेडिओलहरींवर चालतं आणि ढग त्यांना फारसे अडवत नाहीत, हे कुणीही पडताळू शकतो. त्यासाठी मोदींचा समर्थक किंवा विरोधक असावं लागत नाही. १९८४ बद्दलचं विधानही तसंच. मुलाखतीतून अशी दोन-तीन वाक्यं उचलावीत, जी खरी की खोटी ते ठरवता येईल किंवा ज्यांनी नेत्याला वचनात बांधलं आहे.

‘तासभर पाहायला वेळ कुणाला आहे?’ नसेलही. मग निदान क्लिपच्या आधीची आणि नंतरची पाच मिनिटं पूर्ण मुलाखतीत शोधून पाहावीत, मूळ प्रश्न काय होता ते ऐकावं. कारण आपण तिथेच हमखास चुकतो. टॉड रॉजर्स आणि मायकेल नॉर्टन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वक्त्याने विचारलेल्या प्रश्नाऐवजी त्याच्यासारख्याच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सफाईने दिलं, तर बहुतेक श्रोत्यांना ते कळलंही नाही. मूळ प्रश्न काय होता हेच ते विसरले होते. उत्तर चालू असताना तो प्रश्न पडद्यावर लिहून ठेवला, तेव्हा टाळाटाळ लोकांच्या लगेच लक्षात आली.

आपल्या वाहिन्यांच्या पडद्यावर तळाला दोन-तीन पट्ट्या रात्रंदिवस धावत असतात. देशाच्या नेत्याची मुलाखत चालू असेल तेवढा वेळ त्यातल्या एका पट्टीवर फक्त विचारलेला प्रश्न ठेवावा, उत्तर संपेपर्यंत हलवू नये. याला पैसे लागत नाहीत, कायदा लागत नाही, आणि प्रेक्षक म्हणून ही मागणी आपण प्रत्येक वाहिनीकडे करू शकतो, मग ती आपल्या आवडीची असो वा नसो.